माझ्या वडिलांच्या नावावर खपलेलं चित्र

माझ्या वडिलांनी आयुष्यात कोट घातला नाही. स्वतःच्या लग्नातही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मस्कतमध्ये बौशरच्या एका बंगल्यात माझे दिवंगत वडील म्हणून जे तैलचित्र पाच महिने ठेवलेलं होतं, त्यातला माणूस गडद कोटात, वेताच्या खुर्चीत एका बाजूला कलून बसलेला आहे. मिशा जाड आणि पिकलेल्या. बोटांत विझत आलेली सिगारेट. माझे वडील सुपारीसुद्धा खात नव्हते.

चित्रातला माणूस स्पेनमधला कादंबरीकार आहे. शंभरेक वर्षांपूर्वी एका चित्रकाराने त्याला समोर बसवून रंगवलं. हा चित्रकार इम्प्रेशनिस्टांपैकी, म्हणजे रेषा घोटत न बसता उजेड जसा पडतो तसा ब्रशच्या तुटक फटकाऱ्यांनी पकडणाऱ्यांपैकी. मूळ चित्र मी पाहिलेलं नाही. माझ्याकडे होतं ते एका जुन्या कॅलेंडरचं पान, आणि त्यावरून मी केलेली नक्कल. ती करायला मला चौदा महिने लागले.

शाळेत असताना मी ड्रॉइंगच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या होत्या, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. दोन्हींत ए ग्रेड. चित्रकलेचे सर आमच्या ठाण्याच्या घरी आले आणि माझ्या हेडक्लार्क वडिलांना म्हणाले, मुलीला आर्ट स्कूलला घाला. वडिलांनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, दारापर्यंत पोचवलं आणि परत आल्यावर माझी रंगपेटी शेजारच्या मुलीला देऊन टाकली. मी क्लासला गेले होते. आल्यावर विचारलं तर म्हणाले, "ग्रेडचं काय लोणचं घालायचंय? बी.कॉम. कर." मी बी.कॉम. केलं. यात रडण्यासारखं काही नाही, आमच्या नात्यातल्या कुठल्याही मुलीचं तेच झालं असतं. बी.कॉम.वर नोकरी लागली, नोकरीवर लग्न ठरलं आणि लग्नाबरोबर मस्कत आलं.

रुवीत एका दातांच्या दवाखान्यात मी ऑफिस सांभाळायची. अपॉइंटमेंट, विम्याचे फॉर्म, डॉक्टरांच्या रजा, बिघडलेले एसी, सगळं माझ्याकडे. नवरा बांधकामाचं साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीत, एकाच अर्बाबकडे बावीस वर्षं. अर्बाब म्हणजे मालक. हा शब्द इथे पहिल्या आठवड्यात तोंडात बसतो आणि मग निघत नाही. आम्ही राहायचो वादी अदाईला, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून समोर नुसता डोंगर.

फोनवर कुणाला तरी होल्डवर ठेवून विम्याच्या फॉर्ममागे समोरच्या पेशंटचा चेहरा काढायचा ही माझी जुनी खोड. एकदा एका बल्गेरियन बाईंनी पकडलं. त्या रूट कॅनालसाठी यायच्या, सुजलेल्या गालासकट मी त्यांना काढलं होतं. त्यांनी कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "हात वाईट नाही. डोळा आळशी आहे. शनिवारी सकाळी ये." कुरुमला त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीच्या जागी सहा ईझल होते. आमची मुलगी तोवर शिकायला बाहेर गेली होती, शनिवारी सकाळी माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. गेले.

बाईंनी पहिल्या दिवशी माझ्या पुढ्यातून काळी ट्यूब उचलून घेतली. मी म्हटलं, कोट तर काळा आहे. "कुठे काळा आहे? बोट ठेव." मी कॅलेंडरच्या पानावर बोट ठेवलं तिथे जांभळा होता. दुसरीकडे ठेवलं तिथे तपकिरीत निळा. त्या एका कोटाला सगळा रमजान गेला. कॉलर पांढरी दिसते, तिच्यात शुद्ध पांढरा जवळजवळ नाही, पिवळट आणि फिका निळा आहे. त्या काळात मी सिग्नलला थांबले की समोरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या पायघोळ पांढऱ्या दिश्दाशाच्या घड्यांत निळा किती आणि पिवळा किती हे बघत बसायची. मागचे हॉर्न मारायचे.

चेहऱ्याची सावलीतली बाजू मी चार वेळा सुरीने खरवडून काढली. बाई म्हणाल्या, "तू मिशा काढतेयस. मिशांच्या मागे तोंड आहे, ते काढ. मिशा आपोआप येतील." पाचव्यांदा आल्या. मी ब्रश धुतले आणि घरी येऊन कुकर लावला. पण त्या दिवशी भाजी चिरताना मी तीनदा हात पुसून फोनवरचा त्या चेहऱ्याचा फोटो बघितला, हे खरं आहे.

सही पुढे करायची नाही असा बाईंचा नियम. नक्कल करणाऱ्याने मागे लिहायचं. मी मागे मराठीत लिहिलं: लेखकाचं नाव, चित्रकाराचं नाव, "यांच्या चित्रावरून", माझं नाव, सुरू केल्याचा महिना, संपल्याचा महिना.

चित्र आमच्या हॉलमध्ये लागलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका हमखास विचारायच्या, "वडील का गं तुझे?"

"नाही. स्पेनमधला लेखक आहे."

"अगं बाई. ओळखीचे?"

नवऱ्याला याची फार गंमत वाटायची. तो चित्राला "सासरेबुवा" म्हणायला लागला. एसीचा झोत तिकडे वळला की म्हणायचा, "सासरेबुवांना सर्दी होईल." क्रिकेट लावलं की, "सासरेबुवा, तुमची परवानगी आहे ना?" मीही हसायची. हा लेखक कोण, काय लिहायचा, मी याच्यापाशी चौदा महिने काय करत होते, हे त्याने विचारलं नाही. मीही बळेच सांगायला गेले नाही.

मग कंपनीत नवऱ्याच्या जागेवर ओमानी माणूस घ्यायचं चाललंय अशी कुजबूज सुरू झाली. त्यात गैर काही नव्हतं, देश त्यांचा. पण नवरा छप्पन्न वर्षांचा होता आणि बावीस वर्षांत त्याने दुसरीकडे अर्ज केलेला नव्हता. त्याच्या ऑफिसातल्या आपल्या लोकांचा एक रिवाज होता. व्हिसाचं नूतनीकरण जवळ आलं की अर्बाबकडे काहीतरी घेऊन जायचं. मे महिन्यात हापूसची पेटी, दिवाळीत मिठाई, कुणी सोनेरी घड्याळ, कुणी चंदनाचा हत्ती. अर्बाबने कधी मागितलं नव्हतं. एकाने सुरू केलं म्हणून दुसऱ्याने, आणि आता न नेणारा उठून दिसायचा म्हणून सगळ्यांनी.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून मी दहा दिवस पुण्याला गेले. परत आले, बॅग दारात ठेवली आणि समोर बघितलं तर भिंतीवर खिळा होता.

"चित्र?"

"दिलं."

"कुणाला?"

"अर्बाबला. या वेळी पेटीबिटीने भागणार नव्हतं. काहीतरी वेगळं हवं होतं, मनाला भिडेल असं."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"नाही."

"मग?" असं म्हणून त्याने माझी बॅग आत नेली. त्याच्या मते विषय संपला होता. खलास.

मी तेव्हा भांडले नाही याचा मला अजून राग येतो. मी मनाशी म्हटलं, नोकरी टिकली तर एक चित्र गेलं, ठीक आहे. मी व्यवहारी बाई आहे. व्यवहारी बायकांच्या वस्तू अशाच जातात.

नोकरी टिकली नाही. सहा आठवड्यांनी पत्र आलं. तीन महिन्यांची नोटीस, बावीस वर्षांबद्दल आभार आणि शुभेच्छा. परत जायचं हे नवऱ्याने ठरवलं, मी दवाखान्यात राजीनामा दिला आणि घर विकायला काढलं, म्हणजे घरातलं सामान. इथे सगळे तेच करतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाकायचे आणि लोक येऊन सोफा, फ्रिज, कुंड्या घेऊन जातात. भिंत रिकामी व्हायला लागल्यावर खिळा जास्तच दिसायला लागला.

"मला ते चित्र परत हवंय," मी म्हटलं.

"दिलेली वस्तू परत मागतात का? काय म्हणेल तो?"

"त्याला काय म्हणायचं ते तो म्हणालाय. छापील कागदावर."

"हे बघ, पुण्यातल्या त्या बिल्डरकडे बोलणं चाललंय. त्याला अर्बाबचं शिफारसपत्र हवंय. ते अजून सही व्हायचंय. ते हातात येईपर्यंत तू तिकडे फिरकू नकोस."

"आणि हातात आल्यावर?"

"तेव्हा बघू."

तेव्हा म्हणजे विमानतळावर, हे मला समजत होतं. आमची तिकिटं पुढच्या शुक्रवारची होती. मी दवाखान्यातून अर्बाबच्या ऑफिसला फोन केला. ते स्वतःच लाइनवर आले. माझं नाव सांगितल्यावर म्हणाले, "कल आओ, असर के बाद, घर पे." दुपारच्या नमाजानंतर, म्हणजे चारच्या सुमाराला. नवऱ्याला सांगितलं, फ्रिजवाल्याला भेटायला जातेय.

ईदला दोनदा गेलो होतो म्हणून बौशरचं घर माहीत होतं. गाडीत मी तीन वाक्यं तयार केली. चित्र माझं आहे. नवऱ्याने मला न विचारता दिलं. ते मला परत हवंय. चौथं लागलंच तर आभार.

अर्बाब सत्तरीचे. तरुणपणी मुंबईशी व्यापार केलेला, हिंदी माझ्याहून चांगलं. त्यांची बायको माझ्या वयाची, दुसरी असावी, तीही येऊन बसली. खजूर आले, हलवा आला, छोट्या कपात कहवा आला. मी पहिलं वाक्य काढणार तोच अर्बाब म्हणाले, "बहन, अच्छा हुआ तुम आईं. मैं खुद भेजने वाला था."

पुढचं त्यांचं बोलणं मराठीत देते.

"इथे आम्ही नमाज पढतो," ते म्हणाले, "म्हणून या खोलीत माणसाचा चेहरा लावत नाही. आत लावता आलं असतं. पण दुसऱ्या कुणाचा बाप मी आपल्या घरातल्या बायकांच्या खोलीत कसा लावू? आणि बाप म्हणून दिलेलं परत तरी कसं करू? पाच महिने मी याच पेचात आहे."

मी कप खाली ठेवला.

"तुझ्या नवऱ्याने सांगितलं सगळं. मरहूम ससुर. बेटीने स्वतःच्या हाताने काढलंय, घरातली सगळ्यात मोलाची वस्तू. मी विचारलं, तिला चालेल का? तो म्हणाला, तिनेच पाठवलंय."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण शिफारसपत्र अजून सही व्हायचं होतं, आणि खोटं बोलणाऱ्या माणसाची शिफारस कुणी करत नाही. माझी तीनही वाक्यं बाद झाली. चित्र न विचारता दिलं हेसुद्धा म्हणता येईना, कारण तेही त्याला खोटारडा ठरवणारं होतं.

"हो," मी म्हटलं. "पण आता आम्ही जातोय. आई विचारते."

आई काही विचारत नव्हती. तिला चित्र माहीतही नव्हतं.

"अर्थात," अर्बाब म्हणाले. मग खाली बघून, "आणखी एक सांगतो. तो चित्र घेऊन आला त्या दिवशी त्याचं नोटिशीचं पत्र माझ्या खणात सही होऊन पडलेलं होतं. त्या जागी ओमानी माणूस घ्यायचं सरकारचं आणि माझं ठरलेलं होतं. मी चित्र घ्यायला नको होतं. पण बापाचं चित्र नको म्हणायला तोंड उघडेना."

ते स्वतः उठून आत गेले आणि चित्र घेऊन आले. धुतलेल्या फुलाफुलांच्या चादरीत नीट बांधलेलं. गाठ सोडून त्यांनी आधी मागची बाजू दाखवली, माझ्या अक्षरांवरून हवेतच बोट फिरवलं. "ही दुआ आहे ना त्यांच्यासाठी? कपाटामागे ठेवताना घासली जाऊ नये म्हणून इकडून कापूस लावला."

"हो. दुआ."

बायकोने चित्र स्वतःकडे वळवलं. "वय काय होतं?"

"अठ्ठ्याहत्तर." माझ्या वडिलांचं वय.

"कशाने गेले?"

"हृदयविकार." तेही त्यांचंच.

"अल्लाह यरहमो," देव त्यांच्यावर दया करो, दोघंही म्हणाले. स्पेनमधल्या एका कॅथलिक लेखकासाठी म्हणाले की ठाण्यातल्या एका हेडक्लार्कसाठी, कोण जाणे. मी मान झुकवली.

"तुझा फार अभिमान असेल त्यांना," अर्बाब म्हणाले.

"नाही. चित्रं काढलेली त्यांना चालायची नाहीत. माझे रंग त्यांनी मला न विचारता देऊन टाकले होते."

हे मी का बोलले ते ठाऊक नाही. कदाचित एवढ्या खोट्यात एक तरी वाक्य माझं असावं म्हणून. त्यांच्या बायकोने त्या मिशांकडे, त्या सिगारेटीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "चेहऱ्यावरून वाटतंच. कडक माणूस."

निघताना अर्बाब म्हणाले, शिफारसपत्र गुरुवारी देतो. चित्र मागच्या सीटवर आडवं ठेवलं, पट्टा लावला. मला हवी होती ती वस्तू मिळाली होती, आणि चोरून आणल्यासारखं वाटत होतं. माझ्या हातून जेवढं बरं काम झालं त्यातलं हे एक. त्याच्यापुढे बसून दोन अनोळखी माणसं माझ्या कामाची तारीफ करत होती आणि मला त्यातला एक शब्द घेता आला नव्हता. सगळी तारीफ लेकीची होती, चित्र काढणाऱ्या बाईची नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर चित्र घेऊन चढले. नवऱ्याने दार उघडलं, चादर बघितली आणि त्याचा चेहरा उतरला.

"गेलीस ना शेवटी? काय सांगितलंस त्याला?"

"तू सांगितलेलंच. माझे वडील."

त्याचे खांदे सैल पडले. मला ते दिसलं आणि ते मी विसरणार नाही. "आणि शिफारसपत्र?"

"गुरुवारी देतो म्हणालेत."

"मग ठीक आहे."

"तुझं नोटिशीचं पत्र तू चित्र नेलंस तेव्हाच सही झालेलं होतं. खणात होतं."

सोफा विकलेला होता. तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. म्हणाला, "मला वाटलं, वडील म्हटलं की वजन पडेल. स्पॅनिश लेखक म्हटलं असतं तर त्याने घेऊन कपाटामागे टाकलं असतं."

"कपाटामागेच होतं."

"मी काही वाईट..."

"आणि मीच पाठवलंय, असंही सांगितलंस."

"तुझ्या वडिलांचं नाव घेतलं, शिवी तर नाही दिली," एवढं पुटपुटला.

"बरं केलंस त्यांचंच घेतलंस. न विचारता देऊन टाकायची पद्धत त्यांची होतीच."

त्याला रंगपेटीचं माहीत होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी सांगितलं होतं, तेव्हा तो वडिलांना नावं ठेवत होता.

चित्र चौकटीसकट विमानात नेता येत नाही. कॅनव्हास चौकटीवरून उतरवून गुंडाळावा लागतो. दवाखान्यातली दात उपटायची एक जुनी पकड माझ्याकडे होती, तिने मी खिळे काढायला बसले. नवरा मदतीला आला. एक बाजू धरून ठेव म्हटलं, त्याने धरली. त्याच्या कंपनीच्या सॅम्पलचा प्लास्टिकचा पाइप तोच गच्चीवरून घेऊन आला होता, आतून पुसून. खिळे गंजलेले नव्हते, एकेक सरळ येत होता. अर्धी बाजू झाल्यावर त्याने विचारलं, "याचं काही वाचलंयस का तू?"

"नाही."

"म्हणजे एवढी वर्षं..."

"मला त्याच्या चेहऱ्याशी काम होतं. तुला काय काम होतं?"

त्याने पुढचा कोपरा धरला. मग म्हणाला, "पुण्यात हॉलमध्ये लावू. लोक विचारतील, वडील का म्हणून. काय सांगायचं?"

"तुला विचारलं तर तू काही सांगायचं नाहीस. मला हाक मारायची."

शेवटचा खिळा निघाला. कॅनव्हास सैल झाला, जमिनीवर पसरला. मी पकड ठेवायला उठले तेवढ्यात त्याने गुंडाळायला घेतलं, चेहरा आतल्या बाजूला ठेवून, आपण कागद गुंडाळतो तसं. तैलचित्र तसं गुंडाळलं की रंगावर रंग दबतो आणि भेगा पडतात. रंगवलेली बाजू बाहेर ठेवायची असते. हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं, आणि विचारलं त्याने आताही नव्हतं. मी त्याच्या हातातून काढून घेतलं आणि पहिल्यापासून गुंडाळलं.